उरलेले स्क्रू

विमलाने मदरबोर्ड हातात घेतला आणि आधी उलटा करून पाहिला. सुलट बाजू कोणीही चांगलीच दाखवतं. शिवणाऱ्याची लायकी उलट बाजूला कळते, हे ती अर्ध्या मुलुंडचे ब्लाउज शिवून शिकली होती. बोर्डाच्या पाठीवर मोहरीएवढे चांदीचे ठिपके होते. मोजता येणार नाहीत इतके, पण एकही रांग सोडून गेलेला नव्हता.

"मावशी, कडेने धरा हां," काउंटरमागून धवल म्हणाला. "मधे बोट नका लावू."

"टाके चांगले आहेत."

"टाके?"

"हे, पाठीवरचे."

धवलने बोर्ड तिच्या हातातून अलगद काढून घेतला. "सोल्डरिंग बोलतात त्याला. मशीनवर होतं."

"ते दिसतंय. माणसाचा हात इतका सरळ चालत नाही."

पाच रस्त्याजवळ एका शॉपिंग सेंटरच्या पहिल्या मजल्यावर धवलचं दुकान होतं. खाली साड्या, वर कॉम्प्युटर, मधल्या जिन्यात मोबाइलचे कव्हर विकणारा. दुकानात खोकी छतापर्यंत रचलेली आणि गिऱ्हाइकाला बसायला एकच स्टूल. त्या स्टुलावर विमलाचा नवरा सीताराम परब बसला होता. मांडीवर घडी घातलेली मोठी कापडी पिशवी. कॉम्प्युटर त्यातून न्यायचा, असा त्याचा बेत होता.

सीताराम रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता आणि घरीही स्टोअरकीपरच होता. नळाचे वायसर, ट्यूबचे स्टार्टर, मिक्सरची जुनी भांडी, सगळं पोटमाळ्यावर डब्याडब्यांतून ठेवलेलं. जास्तीचं असलेलं बरं, हा त्याचा धर्म. गेला महिनाभर त्याने मोबाइलवर दुसरं काही पाहिलं नव्हतं. मिसरूड फुटलेली पोरं निळ्याजांभळ्या उजेडात बसून 'भाई, ये मत लेना, पछताओगे' सांगत होती आणि पन्नाशी ओलांडलेला हा माणूस शाळेतल्यासारखी मान डोलवत होता.

"चार जागांचा बोर्ड दे," तो म्हणाला. "रॅम आज एकच टाकू. भाव उतरला की दुसरी."

"भाव काय उतरत नाही, काका. सगळी रॅम त्या एआयवाल्यांच्या गोदामात चाललीय. आपल्याला उरलंसुरलं. तुम्ही आला नसता तर पुढच्या हप्त्यात अजून चढला असता."

"बघ," सीताराम मुलीकडे वळला. "म्हणून म्हणतो, जागा ठेवायची."

प्रांजल काचेच्या कपाटाला टेकून उभी होती. तेवीस वर्षांची, बापासारखी उंच, आईसारखी कमी बोलणारी. पवईच्या एका ऑफिसात ती लोकांच्या घरांची चित्रं करायची. घर बांधून व्हायच्या आधीच त्यात सोफा, पडदे, खिडकीतून येणारं ऊन, सगळं कॉम्प्युटरवर मांडून दाखवायची. त्याला दांडगं मशीन लागतं, वेगळं कार्ड लागतं, हे तिनेच कधीतरी घरी सांगितलं होतं.

"दोन जागांचा पुरे आहे, बाबा."

"पुरे कसा? उद्या तुझं ते कार्ड टाकायचं म्हटलं तर?"

"कार्ड नकोच आहे. हल्ली प्रोसेसरमधेच ग्राफिक्स येतं. घरच्या कामाला चालतं."

"घरच्या कामाला ना? तुझ्या कामाला चालतं का ते सांग."

"माझं काम ऑफिसच्या मशीनवर होतं."

"आणि ऑफिस सोडून घरून करशील तेव्हा?"

प्रांजलने काचेवरचा एक डाग नखाने खरवडला. तो आतल्या बाजूला होता, निघाला नाही.

धवलला घरगुती भांडणांची सवय असावी. त्याने कॅल्क्युलेटर बाजूला सारला. "आधी हे सांगा, वापरणार कोण?"

"मुलगी," सीताराम म्हणाला.

"घरचे सगळे," प्रांजल म्हणाली.

दोन्ही उत्तरं एकदमच आली. विमलाने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा मुलीकडे. धवल हसला. "मग असेंबल्डच बरा. लॅपटॉप म्हणजे कसं, सगळं आत चिकटवलेलं. यात आज जेवढं झेपतं तेवढं घ्या. उद्या हातात पैसे आले की रॅम वाढवा, परवा कार्ड टाका. बोर्डचं सॉकेट तेच राहतं, त्यात दोनतीन वर्षांनी मोठा प्रोसेसर बसवा. खोका तोच, आतलं बदलत जायचं."

"म्हणजे माया सोडायची," विमला म्हणाली.

"काय?"

"शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात ना, त्याला माया म्हणतात. बाई जाड झाली की टीप उसवायची, आतलं कापड बाहेर. ब्लाउज तोच."

"एकदम बरोबर," धवल म्हणाला आणि त्याने ते बहुधा पुढच्या गिऱ्हाइकासाठी लक्षात ठेवलं.

सीतारामला बायकोने मधे बोललेलं आवडलं नाही, पण ती आपल्याच बाजूने बोलली आहे हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. तोवर तो बोलून गेला होता, "तू गप रव गो. तुका काय कळता त्येतला?"

कॅबिनेट निवडताना पुन्हा तेच. धवलने काचेच्या भिंतींचा एक काढला, आत पंख्यांभोवती सात रंगांचे दिवे फिरत होते.

"गणपती बसवायचाय का यात?" विमलाने विचारलं.

प्रांजल फिसकन हसली. दुकानात आल्यापासून पहिल्यांदा. मग तिने साधा काळा कॅबिनेट मागितला, आणि त्यातही वाकून वाकून काहीतरी बघत राहिली. शेवटी तिने चालू करायचं बटण वरच्या बाजूला असलेला घेतला. "हा बरा. खाली वाकावं लागत नाही." तिच्या वयाला वाकायला काय झालं होतं, हे कोणी विचारलं नाही. गुडघे विमलाचे दुखत होते.

पंखा घेतानाही तिने धवलला तो चालू करून दाखवायला लावला, आणि हात धरून आईला जवळ ओढलं. "आवाज ऐक. एवढा चालेल ना? दुपारी हॉलमधे पडतेस तू."

"मला काय, मी मशीनच्या आवाजात झोपते."

"तरी सांग."

"चालेल."

वीज पुरवणारा डबा, ज्याला दुकानात सगळे एसएमपीएस म्हणतात, तो किती ताकदीचा घ्यायचा यावर मात्र गाडी अडली. पुढे कार्ड टाकायचं तर मोठा लागतो. सीताराम मोठ्यावर हटून बसला, प्रांजल लहान्यावर. जाणकार ती. दांडगं मशीन तिला लागतं. आणि जागा नको, ताकद नको, इतकंच पुरे, असंही तीच म्हणत होती. विमलाला हे शिवणीत कुठेतरी सुरकुती पडावी तसं खटकलं. सुरकुती दिसते, पण ती कुठल्या टाक्यापासून सुरू झाली ते सापडत नाही.

"तुला का नको?" तिने विचारलं.

"उगाच पैसे जातील."

"बाबा देतायत."

"म्हणूनच," प्रांजल म्हणाली, आणि लगेच कीबोर्डच्या खोक्यांकडे वळली.

धवल तिघांकडे बघत थांबला होता. विमला म्हणाली, "मोठा बोर्ड. मोठा डबा. आत जागा नसलेलं मी आजवर काही शिवलेलं नाही."

सीतारामने मांडीवरची पिशवी उलगडली. तिच्यात एकटा कीबोर्डच मावला. बाकीचं रिक्षात घालून रेल्वेपुलाच्या पलीकडे, पूर्वेला आणावं लागलं.

घरी सीतारामने खोकी देव्हाऱ्याखाली रचली आणि हुकूम सोडला, दसऱ्यापर्यंत कोणी उघडायचं नाही. पूजा झाल्याशिवाय यंत्राला वीज लावायची नाही, ही त्यांच्या घरातली जुनी रीत. त्याचे वडील कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. दसऱ्याला हत्यार ज्याचं, कुंकू त्यानंच लावायचं, वरचा मुकादम, जॉबर, आला तरी आपल्या साच्याला बोट लावू द्यायचं नाही, असा म्हाताऱ्याचा खाक्या होता. गिरणी गेली, तिथे काचेचे टॉवर उभे राहिले, आणि रीत तेवढी पिशवीतून आणल्यासारखी मुलुंडला आली. विमला शिलाई मशीनला कुंकू लावायची, सीताराम स्टोअरच्या किल्ल्यांना. यंदा तिसरं हत्यार येणार होतं.

त्या तिसऱ्या हत्याराचा उगम गेल्या वर्षीच्या एका उपासात होता.

गेल्या वर्षी प्रांजलला बंगळूरच्या एका कंपनीने बोलावलं होतं. पगार बापापेक्षा जास्त. सीतारामने आरडाओरडा केला नाही. तो ताटावरून उठला. सकाळी डबा नेला नाही, रात्री जेवला नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बाप उपाशी राहिला की लोक त्याला प्रेम म्हणतात. तेच पोरगी राहिली असती तर त्याला नाटकं म्हणाले असते, आणि वर वाढलेलं ताट तिच्यासमोर उचलून नेलं असतं. आठवडा उलटायच्या आत प्रांजलने त्या कंपनीला नाही कळवलं. त्या रात्री सीताराम दोन वेळचा भात जेवला आणि हात धुता धुता म्हणाला, "तुझ्या कामाचा कॉम्प्युटर मी घरात आणून देतो. सगळा हयच होतला."

तो बोललेला शब्द विसरला नाही, हे खरं. दर महिन्याला बाजूला टाकत गेला. अशा माणसाचा राग करणंही अवघड असतं, म्हणून अशी माणसं जास्त वाईट.

दुपारी घरात कोणी नसलं की विमला खोक्यांपाशी बसायची. उघडायची नाही, फक्त फिरवून फिरवून बघायची. मदरबोर्डच्या खोक्यावर त्याचं चित्र होतं. कुठे काय बसतं, याच्या रेघा काढलेल्या. ब्लाउजच्या कागदी नमुन्यावर मुंढा, गळा, कटोरी लिहिलेली असते तसंच. चित्रात प्रोसेसरच्या एका कोपऱ्याला इवलासा त्रिकोण होता आणि बोर्डावर तसाच दुसरा. हे तिला न सांगता समजलं. बाही मुंढ्याला जोडताना दोन्हीकडे खडूची खूण करतात, खुणेला खूण लागली की बाही उलटी बसत नाही. जगात सगळीकडे एकच विद्या चालते की काय, असं वाटून ती एकटीच हसली. गिऱ्हाइकं तिला फोनवर पाठीच्या गळ्याची चित्रं पाठवायची, आणि फोनच्या बोटभर पडद्यावर ती डोळे बारीक करून दोऱ्या मोजत बसायची. मॉनिटरच्या एवढ्या मोठ्या पडद्यावर तो गळा कसा दिसेल, हा विचार तिला खोक्याशी आला, आणि कोणी ऐकलं की काय, असं वाटून तिने मागे वळून पाहिलं.

दसऱ्याच्या दोनेक दिवस आधी समोरच्या बिल्डिंगमधली माधुरी ब्लाउजपीस घेऊन आली. मोरपंखी, चांगल्यातलं. मापाला जुना ब्लाउज दिला.

"हे तुझं माप नाही," विमला म्हणाली.

"जावेला द्यायचाय. भाऊबीजेला येतेय ना."

"माया किती सोडू?"

"कशाला माया? आहे त्या मापाचा शीव. एकदा अंगात बसला की माझं काम झालं."

"आणि तुझा मागचा शिवला तेव्हा दोन्हीकडे दोन दोन बोटं सोडायला लावलीस."

"तो मला घालायचा होता गं," माधुरी म्हणाली. "हा मी थोडीच घालणार आहे."

माधुरी बोलत राहिली, जावेच्या नवऱ्याबद्दल, नवीन गाडीबद्दल. विमलाने खडू उचलला होता, तो कापडावर टेकलाच नाही. ती देव्हाऱ्याखाली बघत होती. सगळ्यात वर कीबोर्डचं खोकं होतं. त्याच्या एका बाजूला पारदर्शक कागद होता आणि आतली बटणं दिसत होती. इंग्रजी अक्षरांच्या शेजारी मराठी अक्षरं. क, ख, ग.

प्रांजल बटणांकडे न बघता टाइप करायची. इंग्रजीत.

"काय झालं गं?" माधुरीने विचारलं.

"काही नाही. शनिवारी ने."

माधुरी गेल्यावर विमलाने कापड पसरलं, मापं टाकली, कात्री घेतली. जावेच्या ब्लाउजला तिने माया सोडली. कोणी सांगितली नव्हती तरी.

दसऱ्याला सकाळीच प्रांजलने हॉलमधे चटई अंथरली आणि खोकी उघडायला घेतली. पूजेच्या आधी जोडून तयार करायचं आणि पूजा झाल्यावर वीज द्यायची, एवढी सूट सीतारामने दिली होती. तो पायजमा-बनियनमधेच बसून प्रत्येक वस्तू पुठ्ठ्यातून निघताना बघत होता, स्टोअरमधे माल आल्यासारखी. रिकामे पुठ्ठे घडी घालून ठेवत होता, चिमूटभर स्क्रूंच्या पुड्या वेगळ्या काढत होता. मग त्याच्या लक्षात आलं की झेंडू कमी पडणार. दाराला तोरण झालं, मशीनला माळ झाली, या तिसऱ्याला उरली नाही. तो पिशवी घेऊन खाली गेला.

दाराची कडी वाजली तशी प्रांजल म्हणाली, "आई, इकडे ये. रॅम तू लाव."

"मी? मोडलं तर?"

"नाही मोडत. ही खाच बघ, इथे जुळव. आता दोन्ही अंगठ्यांनी दाब. टक् असा आवाज येईपर्यंत."

विमलाने दाबलं. काही झालं नाही.

"अजून."

"अगं मोडेल."

"तू डेनिमला सुई घालतेस ना, तसं. दाब."

टक् झालं. दोन्हीकडच्या कड्या आपोआप मिटल्या. विमलाने हात मागे घेतला आणि बघत राहिली. एका जागी पट्टी उभी होती, शेजारच्या तीन रिकाम्या.

"झालं," प्रांजल म्हणाली. "आता तुला येतं. दुसरी आणली की अशीच लावायची, एक जागा सोडून पुढच्या खाचेत. लाइट बंद करून, आधी लोखंडाला हात लावून मग." ती भराभर बोलत होती. "आणि पंख्यावर धूळ साचली की बाजूचं पान काढून तुझ्या मशीनच्या ब्रशने झाडायचं. ओला फडका नको."

"कुठे?" विमलाने विचारलं.

"पंख्यावर, हा इथे..."

"नोकरी कुठे?"

स्क्रूड्रायव्हर थांबला. खाली कोणीतरी लाउडस्पीकर लावून पाहत होतं, एक दोन तीन, एक दोन तीन.

"बंगळूर," प्रांजल म्हणाली. "तीच कंपनी. त्यांनीच परत विचारलं."

"कधी?"

"दिवाळी झाली की." ती मान खाली घालून स्क्रू फिरवायला लागली, तो आधीच बसलेला होता. "मी बाबांना सांगणार होते. दुकानात जायच्या आधीच. पण ते इतके... महिनाभर व्हिडिओ बघत होते गं. म्हटलं निदान कमी पैशात होऊ दे, आणि तुला चालवता येईल असा होऊ दे. आता सांगितलं की ते जेवायचे नाहीत."

विमला उठली, कुंकवाचा करंडा घेऊन आली, पुन्हा बसली.

"जेवतात ते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"कँटीनमधे. गेल्या वर्षी रोज जेवत होते. शर्टाला कधी मिसळीचा डाग, कधी भजीचं तेल. शर्ट मी धुते."

प्रांजलने मान वर केली. 

"तुला तेव्हाच माहीत होतं?"

विमलाने करंड्याचं झाकण उघडलं, बंद केलं. बिल्डिंगखालचा लाउडस्पीकर लागला एकदाचा, आरती सुरू झाली आणि मधेच तुटली.

"मला सांगितलं नाहीस तू," प्रांजल म्हणाली.

"नाही."

 विमलाने चटईवरची एक बारीक वायर उचलून तिच्यापुढे धरली. प्रांजलने ती घेतली नाही. मग थोड्या वेळाने घेतली, आणि कुठे लावायची ते बोटाने दाखवून आईलाच परत दिली.

सीताराम झेंडू घेऊन आला तेव्हा कॉम्प्युटर टेबलावर उभा होता, एका अंगाने उघडा. त्याने स्वतः माळ गुंफली, कॅबिनेटला घातली, लांब जाऊन बघितली, थोडी सरळ केली. आपट्याची पानं ठेवली. समई लागली. किल्ल्यांच्या जुडग्याला त्याने कुंकू लावलं, हात जोडले. विमलाने शिलाई मशीनच्या चाकाला लावलं.

"चल, प्रांजल," तो म्हणाला. त्याचा आवाज मोठा होता, शेजारी ऐकू जाईल इतका. "तुझं हत्यार."

प्रांजलने ताट हातात घेतलं. अनामिका कुंकवात बुडवली. बोट वर आलं आणि तिथेच राहिलं. कुंकवाचा एक कण ताटात पडला.

विमलाने ताट तिच्या हातातून काढून घेतलं. मशीनला लावलेलं कुंकू अजून बोटाला होतं, तेच बोट तिने कॅबिनेटच्या कपाळावर, वरच्या बटणाच्या खाली टेकवलं. हळद लावली. अक्षता टाकल्या, उघड्या बाजूने आत जाणार नाहीत अशा बेताने.

"गो, तुझा काय तेच्यात?" सीताराम म्हणाला.

"माझंच आहे."

"काय तुझंच?"

"हत्यार. मीच बसणार आहे यावर."

सीताराम हसायला निघाला होता. हसू अर्ध्यावर आलं, आणि मग त्याची नजर टेबलावर गेली. कीबोर्डवर गेली. तो पुढे झाला, चष्मा वर सरकवून वाकला, आणि एकेका बटणावरून बोट न लावता नजर फिरवली. आलेला माल मागवलेल्या मालाशी जुळत नसला की तो असाच बघायचा. क, ख, ग. मग त्याने मुलीकडे बघितलं. ती बोटाचं कुंकू दुसऱ्या हाताच्या तळव्याला पुसत होती.

"दिवाळीनंतर, बाबा," ती म्हणाली.

तो वळला, खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घातला, बटणं लावायला लागला. खालचं बटण वरच्या काजात गेलं.

"ताटं घेते," विमला म्हणाली. स्वयंपाकघरात जाऊन तिने तिन्ही ताटं मांडली, श्रीखंड वाढलं, पुऱ्यांचं भांडं आणलं. सीताराम दाराशी चपला शोधत होता. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. पाट सरकवत म्हणाली, "आज कँटीन बंद आहे."

चपलेत गेलेला पाय तसाच राहिला. घरात आरतीचा आवाज येत होता, समईची वात तडतडत होती. सीतारामच्या मानेवर आधी लाली चढली, मग ती कानापर्यंत गेली. प्रांजल खिडकीकडे तोंड करून उभी होती, तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती, ते मागून कळत नव्हतं.

त्याने चप्पल काढली. येऊन पाटावर बसला. पहिली पुरी त्याने मोडली आणि कितीतरी वेळ हातातच धरली. मग खाल्ली.

"श्रीखंड आंबट हा," तो म्हणाला.

"विकतचं आहे."

जेवणं झाल्यावर प्रांजलने पिन लावली आणि बाजूला झाली. विमलाने उभ्याउभ्याच वरचं बटण दाबलं. आतला पंखा फिरायला लागला, दुकानात ऐकला होता तेवढाच आवाज. पडद्यावर काळं, मग करडं, मग इंग्रजी ओळी. विमला एकेक शब्द जुळवत वाचायला लागली. रॅमपाशी बोट थांबलं. एका जागेपुढे आकडा होता, बाकी तिघींपुढे एकच शब्द.

"एम्प्टी म्हणजे रिकामी ना?"

"हो."

"त्यालाही कळतं म्हणजे."

प्रांजलने बाजूचं पान बसवलं आणि मागून स्क्रू आवळायला घेतले. स्क्रूड्रायव्हर करकरला.

"इतकं घट्ट नको," विमला म्हणाली. "मला हाताने उघडता आलं पाहिजे."

प्रांजलने एक फेरा मागे घेतला.

सीताराम चटईवर बसला होता. पुठ्ठे आवरून झाले होते. स्क्रूंच्या पुड्यांतले बरेच उरले होते, पुढे काही बसवायचं झालं तर लागणारे. ते त्याने गोळा केले, चटईच्या वेतांत अडकलेला एक नखाने काढला, आणि मसाल्याच्या रिकाम्या डबीत भरले. झाकण लावून डबी कानाशी हलवून पाहिली. डबी घेऊन तो उठला आणि मुलीच्या दिशेने हात पुढे केला. क्षणभर तसाच धरला. मग तो हात वळवून त्याने डबी विमलाच्या हातात दिली.

"सांभाळून ठेव," तो म्हणाला. "तुका लागतले."